जाहिरात मराठीत, कपात इंग्रजीत

दिवाळी अंकाचा सुजाण वाचक जाहिरातींची पानं उलटून पुढे जातो. मी गेली पंधराएक वर्षं नेमकं उलटं करतो. रद्दीवाल्याकडून, वाचनालयांनी निकालात काढलेल्या गठ्ठ्यांतून जुने अंक आणायचे आणि त्यांतल्या बँकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायच्या. अशा अकरा वह्या झाल्या आहेत. जोडीला शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड या पट्ट्यातल्या भिंतींवरून, एसटी स्थानकांवरून आणि बँकांच्या दारांवरून उतरवून घेतलेला मजकूर आहे. जाहिरातीचं शिक्षण मी कुठे घेतलेलं नाही. या वह्या आणि आमच्याकडचा बाजार, एवढीच माझी शाळा. त्यामुळे इथे जे मांडतो आहे ते जाहिरात लिहिणाऱ्याच्या बाजूने नाही, ती वाचणाऱ्याच्या बाजूने आहे.

वह्या क्रमाने चाळल्या की एक सरकत गेलेली गोष्ट दिसते. बँकेची जाहिरात आधी ग्राहकाशी बोलत होती. मग ती त्याच्या स्वप्नांशी बोलू लागली. आणि आमच्या तालुक्यांपर्यंत पोचली तोवर ती ग्राहकाविषयी, पण दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागली होती.

सहकारी बँकेची जुनी जाहिरात आठवून पाहा. पानभर चौकट, कोपऱ्यांत पणत्या किंवा आकाशकंदील, मधोमध बोधचिन्ह. खाली आकडे: स्वनिधी, ठेवी, कर्जे, निव्वळ नफा, लाभांशाचा दर, ऑडिट वर्ग ‘अ’. मग ‘सभासद, ठेवीदार, कर्जदार व हितचिंतकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. तळाशी अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळातली यच्चयावत नावं, डोळ्यांना त्रास होईल अशा बारीक टाइपात. कलादिग्दर्शकाने पाहिलं तर डोक्याला हात लावील. कित्येकदा ‘दीपावली’ची वेलांटीही चुकलेली. पण हा मजकूर कुणासाठी आहे याची शंका राहत नाही. ठेवीदार वेगळा, कर्जदार वेगळा, आणि जो दोन्ही नाही तो हितचिंतक. प्रत्येकाला त्याच्या व्यवहारातल्या जागेवरून हाक मारलेली. कर्जदाराला सणाच्या शुभेच्छा देणारी जाहिरात मला तरी दुसऱ्या कुठल्या धंद्यात आढळलेली नाही. आणि आकडे छापल्यामुळे वाचकाला गेल्या वर्षीचा अंक काढून ताडून पाहता येई. माझ्या वहीत एकाच बँकेची ओळीने सात वर्षांची पानं आहेत. ठेवी कशा वाढल्या, लाभांश कोणत्या वर्षी घसरला, कुठला संचालक गळाला, हे सगळं शुभेच्छांच्या आडून कळतं.

याला कुणी जाहिरात म्हणणार नाही, ही तर अहवालाची चिठ्ठी, असा आक्षेप येईल. म्हणून साबणाच्या पावडरीचं उदाहरण घेतो. अलेक पदमसी यांच्या लिंटासने सर्फसाठी केलेली ललिताजी आमच्या पिढीला पाठ आहे. ती बाई भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि महाग सर्फ का घेते ते सांगते: अर्धा किलो सर्फ म्हणजे साध्या पावडरीचा एक किलो. पटो न पटो, तो एक युक्तिवाद आहे, हिशेब आहे. बघणारी गृहिणी तो खोडूनही काढू शकते. आता गंमत पाहा. पावडर विकणारा हिशेब मांडतो आणि ज्यांचा धंदाच हिशेबाचा त्या बँका जाहिरातीत हिशेब सोडून बाकी सगळं मांडतात.

हे वळण २००० नंतरच्या वह्यांत दिसतं. आयसीआयसीआय बँकेने अमिताभ बच्चन यांना पुढे करून ‘हम हैं ना’ म्हटलं. आयडीबीआयने ‘बँक ऐसा दोस्त जैसा’ म्हटलं. बँक ऑफ बडोदाने २००५ साली उगवत्या सूर्याचं नवं बोधचिन्ह घेतलं आणि राहुल द्रविडला उभं केलं. युनियन बँकेने सांगितलं की तुमची स्वप्नं तुमच्या एकट्याची नसतात. आपली बँक ऑफ महाराष्ट्रही ‘एक परिवार एक बँक’ म्हणवू लागली. दोस्त, परिवार, साथ, विश्वास, स्वप्न. या पाच शब्दांपलीकडचा शब्द शोधायला माझ्या त्या दशकाच्या दोन वह्यांत बराच वेळ लागतो. बँकेचं आणि माणसाचं नातं मुळात देण्याघेण्याचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जाहिरातीला ते लपवावंसं वाटू लागलं.

या ओळी बहुतेक हिंदीत किंवा इंग्रजीत जन्मलेल्या, मराठीत फक्त येऊन राहिलेल्या. ‘खयाल आपका’सारखी ओळ मराठीत आणायची तर ‘काळजी’ हा शब्द लागतो, आणि मराठीत काळजी घेताही येते आणि लावताही येते. कर्जदाराच्या कानाला दुसरा अर्थ आधी ऐकू येतो. लिहिणाऱ्याने शहापूरच्या एखाद्या किराणा दुकानात पाच मिनिटं घालवली असती तर भिंतीवरची पाटी दिसली असती: ‘आज रोख, उद्या उधार’. चार शब्द, त्यात अट आहे, नकार आहे, थट्टा आहे आणि कोपऱ्यात ‘अटी लागू’ची चांदणी नाही. पतव्यवहाराविषयीचं मराठीतलं याहून चांगलं जाहिरातवाक्य मला ठाऊक नाही.

आमच्या दोन तालुक्यांतली पैशाची भाषा कुठून आली ते थोडं सांगायला हवं. शहापूर रेल्वेच्या आणि महामार्गाच्या कडेला. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला देणारं. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथून रस्ता माळशेज घाटाकडे चढतो. दोन्हीकडे भातशेती, आणि डोंगराच्या अंगाला ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाडे. कातकरी कुटुंब दिवाळीच्या पुढेमागे वीटभट्टीवर निघतं, भिवंडीकडे, कल्याणकडे. निघण्याआधी शेठ ‘उचल’ देतो. ती सणाला, आजारपणाला, कौलं शाकारायला जाते. पाऊस तोंडावर आला की भट्टी बंद होते आणि हिशेब होतो: उचल ‘फिटली’ किंवा ‘अंगावर राहिली’. राहिली तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ चा. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून श्रमजीवी संघटनेला आमच्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे. पण मला इथे शब्दाकडे लक्ष वेधायचं आहे. कर्ज ‘अंगावर’ राहतं. ज्याने हा प्रयोग केला त्याला कर्जाची जागा नेमकी माहीत होती.

दुसरा शब्द ‘खावटी’. पावसाळ्यात काम नसतं आणि कणगी रिकामी होते, तेव्हा पोटापुरतं मिळणारं कर्ज. आदिवासी विकास महामंडळ ते देत असे. २०२० मध्ये करोनाच्या काळात सरकारने त्याचं अनुदान केलं, ४००० रुपयांचं, निम्मं धान्य-वस्तूंच्या रूपाने आणि निम्मं थेट खात्यात. खावटीची जाहिरात मी कधी पाहिली नाही. तिला जाहिरात लागलीही नाही. नावातच कशासाठी, कधी आणि किती ते सगळं आलं. भिशी, गट, हप्ता, मुद्दल, बोजा हेही याच घराण्यातले शब्द. बोजा तर सातबाऱ्यावर ‘चढतो’ आणि ‘उतरतो’.

आणि अंगठा. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा, ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. शेतकऱ्याची जमीन कर्जात जाते आणि तो शहरात मजूर होतो. चित्रपट मूक होता. १९३६ मध्ये पेंटरांनीच तो पुन्हा बोलपट म्हणून केला. मराठी लोकांच्या मनात पतपुरवठ्याचं पहिलं दृश्यरूप बँकेचं नाही, सावकाराचं आहे, ते कागदाचं आणि अंगठ्याचं आहे. शंभर वर्षांनी आमच्याकडची म्हातारी माणसं बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर पुन्हा अंगठाच ठेवतात. त्याला सगळे ‘अंगठ्याचं मशीन’ म्हणतात. विटा थापून, भात लावून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा अंगठा ते दोनदा-तीनदा नाकारतं. मग बाई पदराला हात पुसते आणि पुन्हा ठेवते. बँकांच्या कुठल्याही जाहिरातीत हे पुसणं मी पाहिलेलं नाही. तिथे अंगठा नेहमी वर केलेला असतो.

आता धसईकडे येतो, कारण जाहिरात ग्राहकाविषयी पण दुसऱ्याशी बोलते असं मी म्हटलं त्याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा तिथे आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा बदलून द्यायला आणि जमा करून घ्यायला मनाई केली. आमच्याकडे तेव्हा भात कापून झोडणीला आलेलं. शेतकऱ्याचं खातं, त्याचं पीककर्ज, गावच्या सोसायटीचा व्यवहार हे सगळं जिल्हा बँकेशी जोडलेलं. म्हणजे ज्या बँकेला माणूस ‘आपली’ म्हणतो तिची खिडकी ऐन हंगामात निम्मी बंद. आणि यानंतर सतरा दिवसांनी, १ डिसेंबरला, मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं ‘कॅशलेस गाव’ म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले. बँक ऑफ बडोदा आणि मुंबईची एक संस्था यांच्या पुढाकाराने व्यापाऱ्यांना कार्ड घासायची यंत्रं मिळाली. धसई निवडलं यात तथ्य होतं. ते तालुक्याच्या पूर्वेकडचं, डोंगराकडच्या कितीतरी पाड्यांचं बाजाराचं गाव. बँक ऑफ बडोदा ही तर १९०८ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी काढलेली. रयतेच्या पैशाचा विचार करणाऱ्या राजाची बँक. त्या दिवसाच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. मला त्या दोन शब्दांचं वाचन करायचं आहे.

‘कॅशलेस गाव’. यातला पहिला शब्द कुणी मराठीत आणलाच नाही. वर्तमानपत्रांत ‘रोकडरहित’, ‘रोखविरहित’ असं चार दिवस छापून आलं आणि विरून गेलं, कारण त्या शब्दाचा वाचक धसईत नव्हता. धसईच्या दुकानदाराला आपण काय झालो हे पाटीवर वाचायची गरज नव्हती. वाचक मुंबईत होता, दिल्लीत होता, दूरचित्रवाणीच्या पडद्यापुढे होता. एरवी जाहिरात म्हणते ‘तुम्ही घ्या’. ही जाहिरात म्हणत होती ‘पाहा, त्यांनीसुद्धा घेतलं’. त्या ‘सुद्धा’त सगळं आलं. गाव ग्राहक राहिलं नाही, दाखला झालं. आमच्याकडे त्याच आठवड्यात विनोद फिरला की आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या कॅशलेस आहोत. चांगला विनोद होता आणि त्यात टीका मथळ्यापेक्षा जास्त होती.

मी धसईला २०१८ च्या उन्हाळ्यात गेलो, बाजाराच्या दिवशी. तोवर वार्ताहर येऊन गेले होते आणि नेटवर्क नाही, यंत्रं पडून आहेत, व्यवहार रोखीवर परतले, असं छापून आलं होतं. मला मात्र एका किराणा दुकानदाराने वेगळंच सांगितलं. त्याचं यंत्र गल्ल्याशेजारी फडक्यात गुंडाळून नीट ठेवलेलं होतं. म्हणाला, “दादा, यंत्र वाईट नव्हतं. पण माझं गिऱ्हाईक रोख कुठे देतं? ते वहीवर नेतं आणि भात विकला की देतं. ज्याला उधार पाहिजे त्याला हे यंत्र काय देणार?” 

मथळा लिहिणाऱ्याने आणि नंतर त्याची खिल्ली उडवणाऱ्याने, दोघांनीही एकच गोष्ट धरून चालली होती: गावाचा बाजार नोटांवर चालतो, आता कार्डावर चालेल किंवा चालणार नाही. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी वहीवर चालत होता. पतीवर चालत होता, आणि पत हाच तर बँकेचा विषय. दुकानदाराच्या लाल वहीत कुणाचं भात कधी येतं, कुणाचा मुलगा भट्टीवरून कधी परततो, कुणाला किती झेपतं याची नोंद होती. बँकेला गावात येऊन वाचण्यासारखं काही असेल तर ती वही होती. तिच्याकडे न पाहता गल्ल्यावर यंत्र ठेवलं गेलं. मार्केटिंगच्या पुस्तकांत याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. बाजारात याला गिऱ्हाईक न ओळखता दुकान मांडणं म्हणतात.

धसई एकटं नाही. गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातलं अकोदरा हे गाव आयसीआयसीआय बँकेने ‘डिजिटल गाव’ म्हणून सजवलं आणि २ जानेवारी २०१५ रोजी पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केलं. गाव राष्ट्राला अर्पण करणं ही शब्दयोजनाच काय ते सांगते. धरणं आणि पूल अर्पण करतात. आपल्याकडे मेळघाटातलं हरिसाल असंच डिजिटल म्हणून गाजलं आणि २०१९ च्या निवडणुकीत त्याची दुसरी बाजू पुढे आली. राज ठाकरे यांनी एप्रिलमध्ये सोलापूरच्या सभेत आधी पडद्यावर सरकारी जाहिरात लावली आणि मग तिच्यात झळकलेला तरुणच व्यासपीठावर आणला. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे शब्द त्या उन्हाळ्यात लहान पोरांच्या तोंडी होते. जाहिरातीचं समीक्षण इतकं लोकप्रिय झालेला दुसरा प्रसंग मराठीत मला आठवत नाही. पण समीक्षक म्हणून एक खटकलं. त्या तरुणाला आधी एका बाजूने दाखला केलं, मग दुसऱ्या बाजूने. त्याची स्वतःची दोन वाक्यं दोन्ही वेळा मधल्या मध्ये राहिली.

नोटाबंदीच्या त्याच दिवसांत पेटीएमची ‘ड्रामा बंद करो, पेटीएम करो’ ही जाहिरात आली. सुट्ट्या पैशांच्या रडगाण्यावर घरकामाची बाई मालकिणीला ऐकवते, ड्रामा बंद करा. लोक रांगांत ताटकळत असताना ही ओळ झोंबली, टीका झाली आणि जाहिरात बदलावी लागली. मला तिचं एक विशेष वाटतं. या सगळ्या प्रकरणात कामकरी माणूस स्वतः बोलताना दाखवला तो इथेच, आणि त्याच्या तोंडी घातली ती कंपनीची ओळ. २०२२ मध्ये एयू स्मॉल फायनान्स बँकेच्या जाहिरातीत आमिर खान नवरदेव होऊन सासरी गृहप्रवेश करतो, त्यावर काही दिवस केवढा गदारोळ झाला! संस्कृती, परंपरा, सगळं निघालं. त्या वादातली शंभरएक मतं मी वाचली. बँकेच्या व्याजदराविषयी एकही नव्हतं.

जनधनची ‘मेरा खाता भाग्यविधाता’ ही घोषणा २०१४ च्या ऑगस्टमधली. तिच्याविषयी फार लिहीत नाही. खाती खरोखर निघाली आणि बायकांच्या नावावर निघाली, ही मोठी गोष्ट आहे. ‘भाग्यविधाता’ हा शब्द मात्र पासबुकावर पेलवत नाही. आमच्या शेजारणी पासबुकाला ‘बुक’ म्हणतात आणि ‘बुक भरून आणते’ असं म्हणतात. भरतं ते खातं की बुक, हा फरक त्यांना चांगला कळतो.

आता फोनवरच्या संदेशांविषयी. गेली सहा वर्षं मी ओळखीच्या लोकांना विचारून त्यांच्या फोनमधले बँकांचे संदेश वहीत उतरवून घेतो आहे, खातेक्रमांक आणि नावं सोडून. एकूण आठशेवर झाले. त्यांत दोन जाती स्पष्ट दिसतात. कर्ज मंजूर झालं आहे, सोन्यावर कर्ज घ्या, दिवाळीनिमित्त प्रक्रिया शुल्क माफ, हे संदेश बऱ्यापैकी मराठीत येतात, कधी कधी नाव घालून, ‘नमस्कार’ म्हणून. आणि शिल्लक कमी म्हणून दंड कापला, कार्डाचं वार्षिक शुल्क कापलं, विम्याचा हप्ता गेला, हे संदेश इंग्रजीत. ‘डिअर कस्टमर’पासून सुरू होऊन ‘डेबिटेड’ या शब्दापाशी आकडा. माझ्या संग्रहातल्या कपातीच्या संदेशांत मराठी एखादाच. देताना मायबोली आणि घेताना परकी भाषा, अशी ही विभागणी आहे. कुणी ठरवून केली असं मी म्हणत नाही. मराठी मजकूर जाहिरात विभाग लिहून घेतो आणि कपातीचा मजकूर संगणक प्रणालीतून निघतो, इतकं साधं कारण असू शकेल. पण शहापूरच्या पाड्यावर दोन्ही एकाच फोनवर येतात आणि तिथे बँक एकच असते.

याचा अर्थ काय होतो ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’चे महिना १५०० प्रमाणे दोन महिन्यांचे ३००० रुपये खात्यांवर आले. बँकांपुढे रांगा. काही खात्यांतून जुना दंड म्हणून बँकांनी त्यातलेच पैसे वळते केल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि तशी कपात करू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. आमच्या ओळखीतल्या एका बाईचे ३००० आले आणि निम्म्याहून अधिक गेले, एका बँकेत. नाव घेत नाही. तिच्या फोनवर दोन्ही संदेश होते. आल्याचं तिला मुलाने वाचून दाखवलं होतं. गेल्याचं कुणी वाचलं नव्हतं. ती खिडकीवर जाऊन उभी राहिली तेव्हा तिला विचारण्यात आलं, “मेसेज आला नाही का?” 

२०२५ च्या गुढीपाडव्यानंतर मनसेचे कार्यकर्ते बँकांमध्ये जाऊन मराठीचा आग्रह धरू लागले आणि आठवड्याभरात पक्षाध्यक्षांनीच आंदोलन थांबवायला सांगितलं. खिडकीवरचा माणूस मराठी बोलतो की नाही, यावर सगळी चर्चा अडकली. तो प्रश्न खरा आहे. पण ‘प्रक्रिया शुल्क’, ‘किमान सरासरी शिल्लक’, ‘अनुपालन’ हेही मराठीच आहे आणि त्या बाईला त्याचा उपयोग ‘डेबिटेड’इतकाच. ‘तुमच्या खात्यात कमी पैसे होते म्हणून आम्ही इतके रुपये कापले’ हे वाक्य मराठीत लिहायला कुठला कोश लागत नाही. लागते ती कापणारा ‘आम्ही’ लिहायची तयारी.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यांत वजनदार पुरावा माझ्याच वह्यांत आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला ज्या सहकारी जाहिरातींची वाखाणणी केली, त्याच चौकटींत आकडे आणि संचालकांची नावं छापणाऱ्या बँकांपैकी काही बुडाल्या. पेण अर्बन २०१० मध्ये अडचणीत आली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर निर्बंध आले. सहकारी जाहिरातीतले आकडे खोटेही निघू शकतात, हे ठेवीदारांनी पुरेपूर भोगलं आहे. तरी एक फरक मी धरून ठेवतो. छापलेला आकडा खोटा असेल तर तो खोटा म्हणून पकडता येतो, न्यायालयात दाखवता येतो. ‘हम हैं ना’ हे खोटं आहे असं कुठल्या न्यायालयात सिद्ध करणार?

या सगळ्यात रिझर्व्ह बँकेची ‘आरबीआय कहता है’ ही मालिका वेगळी उठून दिसते. ओटीपी कुणाला देऊ नका, फसवणूक झाली तर लगेच कळवा, असं काहीतरी करायला सांगणारी. ‘जानकार बनिए, सतर्क रहिए’ हे तिचं पालुपद. ललिताजीनंतर पैशाविषयी नेमकी सूचना देणारी जाहिरात बऱ्याच वर्षांनी आली. तक्रार एवढीच की सावध राहायचं ते ग्राहकाने. ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला जागं राहायला ती सांगत नाही. तीतही अमिताभ बच्चनच आहेत.

धसईच्या मथळ्यानंतर काही वर्षांत आमच्या बाजारात खरा बदल झाला, आणि त्याला उद्घाटनाचा मंडप लागला नाही. यूपीआय २०१६ च्या एप्रिलपासून होतं, पण सरळगावच्या वडापावच्या गाडीवर त्याचं चौकोनी चित्र चिकटलेलं मी करोनानंतर पाहिलं. आज शहापूर स्थानकाकडच्या रस्त्यावर भाजीवाल्या बायकांकडेही ते असतं. ते घासायच्या यंत्रापेक्षा का चाललं, याची तांत्रिक कारणं सर्वांना माहीत आहेत: भाडं नाही, कार्ड नाही, फोन पुरतो. एक कारण भाषेचं आहे. त्या चित्राशेजारी एक लहान पेटी असते. पैसे आले की ती मोठ्याने सांगते: इतके रुपये मिळाले. विकणारी ऐकते, घेणारा ऐकतो, मागचा गिऱ्हाईकही ऐकतो. जी बाई संदेश वाचू शकत नाही तिला वाचावं लागत नाही. यात स्वप्न नाही, परिवार नाही, विशेषण नाही. एक आकडा, एक क्रियापद आणि दोन्ही पक्ष हजर. वहीवरची उधारी मात्र तिला अजून कळत नाही. ती वेगळी चालूच आहे.

२०२३ मध्ये फोनपेने आपल्या पेट्यांसाठी अमिताभ बच्चन यांचा आवाज घेतला. मुरबाडच्या बाजारपेठेत एका चहावाल्याकडे तो ऐकला. वीस वर्षांपूर्वी ज्या आवाजाने बँकेच्या वतीने ‘हम हैं ना’ म्हटलं होतं, तो आता दहा रुपये आले एवढंच सांगत होता. चहावाल्याने मान वरही केली नाही. कप विसळता विसळता त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “तुमचा साधा की स्पेशल?”